दोन सुतांचा फरक

आमच्या कारखान्यात खिडकीच्या मापाचे कापडी ब्लाइंड बनतात. दोरी ओढली की एकावर एक घड्या पडत वर जाणारे. मी तिथे कापड कापतो, एकोणीस वर्षं झाली. ज्या बाईच्या आकड्यांवर माझी कात्री चालते, तिला सगळे सूतताई म्हणतात. तिचे सासरे जुने सुतार. त्यांच्या तोंडी कायम इंच आणि सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. ते ऐकून ऐकून हिलाही सवय लागली. टेपवर वाचायची मिलीमीटर आणि बोलायची, "सूतभर ढिलं आहे." ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, तरी मीही तिला ताईच म्हणतो. तिच्यासमोर माणूस आपोआप धाकटा होतो.

तिचं माप घेणं बघण्यासारखं असायचं. रुंदी तीन ठिकाणी घ्यायची, वर, मध्ये आणि खाली. तिन्हींत जो आकडा लहान, तो खरा. त्यातून दहा मिलीमीटर वजा, म्हणजे ब्लाइंडच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मोकळे. टेप पोलादीच. कुणी विचारलं की म्हणायची, "कापडी टेप शिंप्याला चालतो. माणूस पोट आत ओढतो, खिडकी ओढत नाही." आकडा मोठ्याने म्हणायची, वहीत लिहायची, मग टेप न हलवता वहीतला आकडा पुन्हा वाचायची.

ही शिस्त एका चुकीतून आली होती. सहा वर्षांपूर्वी एका दंतवैद्याच्या दवाखान्यातल्या नऊ सारख्या खिडक्यांचं माप तिने चौदाशे तीसऐवजी तेराशे चाळीस लिहिलं. मी तसे नऊ ब्लाइंड कापले. बसवले तेव्हा प्रत्येकाच्या कडेने इतकं ऊन आत आलं की दंतवैद्याने बत्ती लावायची गरज नाही म्हणून फोन केला. त्या दिवसापासून ती प्रत्येक आकडा अक्षरांतही लिहू लागली. मालकांनी मात्र ते नऊ ब्लाइंड कधी विसरू दिले नाहीत. पगारवाढीचा विषय निघाला की त्यांना हटकून दातदुखी आठवायची.

त्या मंगळवारी अकराच्या सुमारास आमचा फिटर काखेत ब्लाइंड मारून परत आला. आगीतून उठल्यासारखा चेहरा.

"बसत नाही," तो म्हणाला. "वर बसतो. खाली उतरवला की उजवीकडे घासतो आणि अडकतो. मास्तरांनी मला दोनदा चहा दिला, तरी नाही बसला."

मास्तर म्हणजे निवृत्त शिक्षक. चार मजली जुन्या इमारतीत सगळ्यात वर राहायचे. सात आठवड्यांपूर्वी सूतताईने त्यांच्या निजायच्या खोलीतली खिडकी मोजली होती. कापड उशिरा आलं म्हणून काम रखडलं होतं.

मालक केबिनमधून बाहेर आले. आधी ब्लाइंडकडे, मग तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "टेप चुकला की कात्री? एवढंच सांगा."

मी ब्लाइंड टेबलावर पसरला आणि मोजला. बाराशे तीन. तिने वही उघडली. खालची रुंदी बाराशे तेरा, आणि शेजारी अक्षरांत, 'बाराशे तेरा'. दहा वजा, बाराशे तीन. कात्री बरोबर, वही बरोबर.

"मग खिडकी खोटी बोलते?" मालक म्हणाले. "ती काय दूध आहे, सात आठवड्यांत नासायला? जा, नवीन माप आण. चूक कोणाची ते आपण नंतर बघू. आणि ताई, दंतवैद्य मी विसरलेलो नाही."

ताईने वही मिटली. माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, तुम्ही चला माझ्याबरोबर. तुमचीही कात्री यात अडकली आहे."

खरं तर मला जायचं नव्हतं. टेप चुकला असं ठरलं असतं तर मी सुटलो असतो. पण गेलो.

जिना चढताना तिसऱ्या वळणावर ती थांबली. दम लागला म्हणून असेल असं मला वाटलं. "भाऊ," ती खालच्या आवाजात म्हणाली, "माझाच डोळा चुकला असेल तर? दुसऱ्यांदा कुणी ठेवून घेणार नाही मला."

मास्तरांनी दार उघडलं. त्यांच्या पत्नीचं खुब्याचं हाड मोडलं होतं, शस्त्रक्रिया होऊन दोन महिने झाले होते. पलंग खिडकीशी लावलेला, आणि दुपारचं ऊन थेट त्यांच्या तोंडावर. त्यासाठीच ब्लाइंड हवा होता. खिडकीला तात्पुरती जुनी चादर बांधली होती.

"या," मास्तरीणबाई पडल्या पडल्या म्हणाल्या. "भाजून होत आलेय मी. एक बाजू झाली, आता उलटायचंच बाकी आहे."

ताई हसली नाही. तिने चादर सोडली, टेप काढला. वर बाराशे चौदा. सात आठवड्यांपूर्वी तेवढंच होतं. मध्ये बाराशे दहा. खाली बाराशे सात.

तिने पुन्हा मोजलं. मग पुन्हा. चौथ्यांदा टेप माझ्या हातात दिला. "तुम्ही मोजा. मला सांगू नका, कागदावर लिहा."

मी लिहिलं. बाराशे सात.

सात आठवड्यांपूर्वीच्या तेरामधून सहा गेले होते. दोन सुतं. माझी करंगळीसुद्धा तेवढ्या फटीत मावली नसती, इतका तो फरक. पण तिचा चेहरा उतरला. आपली चूक नाही हे कळल्यावर माणसाने सुटकेचा श्वास टाकायला हवा. तिने टाकला नाही. ती गुडघ्यांवर बसली आणि खिडकीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातून बोट फिरवत भिंतीवरून खाली आली. पलंगाच्या मागे रंगाला एक तडा होता, केसाएवढा, तिरका.

"मास्तर, ही भेग कधीची?"

"ही? बघितली नव्हती बुवा. जुनं घर आहे, ताई. आमच्यासारखंच. सुरकुत्या यायच्याच."

"खिडकी उघडते नीट?"

"दहा-बारा दिवस जरा अडते. हवा दमट आहे ना."

एवढ्यात मालकांचा फोन आला. आवाज मला बाजूला उभं राहून ऐकू येत होता. काय निघालं? बाराशे सात? मग लिहा आणि या. बाराशे सात वजा दहा, नवीन कापू, विषय संपला.

खरंच संपला असता. एक आकडा खोडायचा, दुसरा लिहायचा. कापड माझ्याकडे होतं. मालकांना वाटलं असतं, बाई चुकली, पुन्हा एकदा. महिनाभर टोमणे खाल्ले असते तिने, बस.

"लिहीत नाही मी," ती फोनवर म्हणाली.

"काय?"

"आधी बघते खिडकी का आवळली. मग लिहीन."

तिने मालकांना नाही म्हटलेलं मी तोपर्यंत कधी ऐकलं नव्हतं. टेप गुंडाळताना तिच्या बोटाला पात्याची धार लागली.

तिचं घर माझ्या वाटेवर होतं. संध्याकाळी मीही आत गेलो. दोन खोल्या. नवऱ्याचं इस्त्रीचं दुकान, तो अजून यायचा होता. सासरे दारातल्या उजेडात बसले होते. नजर अधू झालेली, पण कान तिखट.

"मामंजी," ती चपला काढतानाच म्हणाली, "चौकट खालून दोन सूत आवळली आणि वर जशीच्या तशी. लाकूड फुगलं असेल का?"

म्हाताऱ्याने आवाजाच्या दिशेने मान वळवली. मग म्हणाला, "लाकूड फुगलं तर सगळीकडून फुगतं. खालीच तेवढं कशाला फुगेल? कोपऱ्यातून कोपऱ्यात मोजलंस?"

"नाही."

"मग काय मोजलंस? दोन्ही कर्ण सारखे नसतील तर चौकट गुण्यातून गेली, काटकोन सुटला. आणि चौकट आपणहून गुण्यातून जात नाही, सूनबाई. भिंत तिला नेते." त्यांनी हात चाचपडत पेटी ओढली. आतून पितळी ओळंबा काढला, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काचेच्या पातळ पट्ट्या. "भेगेवर ही आडवी लाव. दोन्ही टोकं प्लास्टरने घट्ट, मधे मोकळी. भिंत गप्प असेल तर वर्षभर पट्टी तशीच राहील. चालत असेल तर फुटेल. गवंडी असंच बघायचे."

"आणि फुटली तर?"

"तर तिथे उभी राहू नकोस."

बुधवारी सकाळी ती कामावर न येता थेट मास्तरांकडे गेली. मी मालकांना पोट दुखतंय म्हणून सांगितलं आणि तिच्या मागोमाग गेलो. दोघांची नोकरी एकदमच जाणार, असं मनात आलं. पण चूक आपल्या दोघांची नाही, तर मग कुणाची, हे कळल्याशिवाय मला कात्री हातात धरवेना.

तिने आधी रुंदी घेतली. खाली बाराशे पाच.

एका रात्रीत दोन मिलीमीटर. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मास्तर चहाचे कप घेऊन उभे होते. त्यांनी विचारलं, "का हो? काय झालं?" ताई टेप घेऊन कोपऱ्याकडे वळली होती.

कर्ण मोजले. एक दुसऱ्यापेक्षा अकरा मिलीमीटर मोठा. ओळंबा सोडला. चौकटीची उजवी बाजू दोरीला वरती चिकटली होती, खाली आत सरकली होती. मग तिने पलंग दोन हात ओढून घ्यायला लावला, भेगेवर काचेची पट्टी ठेवली, टोकांना प्लास्टर थापलं आणि शेजारी पेन्सिलीने वेळ लिहिली. दहा वाजून पाच मिनिटं.

प्लास्टर वाळेपर्यंत आम्ही खाली गेलो. पहिल्या मजल्यावर इमारतीचे सेक्रेटरी राहायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घरचे ब्लाइंडही आम्हीच केले होते, आणि ताईची जुनी वही तिच्या पिशवीत होती. तिने त्यांना नम्रपणे विचारलं, एक खिडकी मोजू का. त्यांना वाटलं काहीतरी विकायला आलोय.

"सगळं आहे आमच्याकडे," ते म्हणाले.

"विकायला नाही आले, साहेब. फुकट मोजते."

त्यांची खिडकी मास्तरांच्या खिडकीच्याच ओळीत, दोन मजले खाली. जुन्या वहीत खालची रुंदी 'बाराशे वीस' अक्षरांत होती. आता निघाली बाराशे नऊ. साडेतीन सुतं कमी. कापड चौकटीला घासून कडेला फाटलं होतं. सेक्रेटरींच्या बायकोने ते सुई-दोऱ्याने शिवून ठेवलं होतं.

"खाली काय चाललंय?" ताईने विचारलं.

खाली चपलांचं दुकान होतं. नवीन मालकाने शेजारचा गाळा घेतला होता आणि दोन्ही एक करत होता. शटर अर्धं ओढलेलं, त्यावर 'दुकानाचे नूतनीकरण चालू आहे' असा कागद.

"त्याने मधली पार्टिशनची भिंत काढली," सेक्रेटरी म्हणाले. "रीतसर विचारून काढली. लोखंडी खांब लावलेत. तुम्ही ब्लाइंडवाल्या ना? मग ब्लाइंडचं बघा."

"साहेब, दोन्ही खिडक्या आवळल्यात. वरची कालपासून आणखी दोन मिलीमीटर. कुणाला तरी बोलवा. इंजिनिअरला."

ते हसले. वाईट माणूस नव्हते, उलट सभ्य. म्हणूनच ते हसू टोचलं. "ताई, याला सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात. मी आता वीस घरांत जाऊन सांगू, की खिडकीच्या पडद्याचं माप चुकलं म्हणून घर सोडा?"

तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. दंतवैद्याची गोष्ट त्यांना माहीत नव्हती. तिला मात्र ती तिथे उभी दिसत असणार. ती म्हणाली, "मी चुकले असेन तर तुम्ही माझ्या मालकांकडे तक्रार करा. नंबर देते. पण एकदा वर येऊन काच बघा."

ते आले. बहुधा तिला घालवून देण्यासाठी. अकरा वाजून गेले होते. प्लास्टर वाळलं होतं, पट्टी भेगेवर जशीच्या तशी, स्वच्छ, अखंड. सेक्रेटरी वाकून बघत म्हणाले, "झालं समाधान?"

मास्तर उगाच कपाटाची किल्ली फिरवत होते. मास्तरीणबाई म्हणाल्या, "बसा की, आलाच आहात तर." सेक्रेटरी खुर्चीच्या कडेवर बसले. इकडच्या तिकडच्या गोष्टी निघाल्या. ताई भिंतीला तोंड करून जमिनीवर बसून होती, पट्टीपासून हातभर. मला तिची दया आली. मनातून मी मालकांपुढे काय सांगायचं ते जुळवू लागलो.

बारा वाजायला वीस मिनिटं कमी असताना आवाज आला. अगदी लहान. नखावर नख आपटावं तसा, 'टिक्'.

पट्टीच्या मधोमध रेघ उमटली होती. दोन तुकडे. एक दुसऱ्यापेक्षा किंचित खाली.

सेक्रेटरी उठून उभे राहिले. त्यांचा रंग उडाला होता. ताईने मात्र टेप घेतला, खिडकी मोजली आणि आकडा मोठ्याने म्हटला, नेहमीसारखा. "बाराशे चार." लिहिला. पुन्हा वाचला. आणि मग म्हणाली, "साहेब, आता नगरपालिकेत चला."

पुढचे दोन तास मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. नगरपालिकेच्या बांधकाम विभागात खिडकीवरच्या कारकुनाने लेखी अर्ज मागितला, आठ दिवसांत पाहणी होईल म्हणाला. ताईने वही त्याच्यासमोर उघडी ठेवली आणि ती जागची हलेना. "आठ दिवसांचं माहीत नाही हो. तासाला अर्धा मिलीमीटर जातोय." मागे रांग वाढली. लोक ओरडायला लागले. तो आवाज ऐकून आतून एक इंजिनिअर बाई आल्या. पन्नाशीच्या, हातात अर्धवट सोललेलं संत्रं. त्यांनी वही उभ्या उभ्या वाचली. दोन्ही मजले, जुने आकडे, नवे आकडे, अक्षरांत. मग संत्रं कारकुनाच्या टेबलावर ठेवलं.

"गाडी काढा," त्या म्हणाल्या.

चपलांच्या दुकानात नवीन लाकडी फळ्यांची सुंदर भिंत झाली होती. दुकानदार हात जोडून मॅडम मॅडम करत होता. त्यांनी एक फळी काढायला सांगितली. तो म्हणाला, कालच बसवली आहे. त्यांनी स्वतःच फळीला हात घातला. फळी निघाली. आत दोन लोखंडी पाइप दिसले. एकाचं खालचं टोक फरशी फोडून बोटभर आत गेलं होतं. वरून, तुळईच्या खाचेतून, चुना आणि वाळूची बारीक धार सारखी पडत होती. घड्याळातल्या वाळूसारखी नाही, पोत्याला भोक पडल्यासारखी, थांबत थांबत.

जी 'पार्टिशनची भिंत' काढली होती, तिच्या डोक्यावर वरचे तीन मजले उभे होते.

इंजिनिअर बाई दुकानाबाहेर आल्या आणि सेक्रेटरींना हळू आवाजात म्हणाल्या, "सगळे बाहेर. आत्ता. पळू नका, जिन्यावर गर्दी करू नका. एका वेळी एक मजला. सामान नाही."

सामान नाही म्हटल्यावर लोक सामानच उचलतात. कोणी पिंजरा, कोणी गॅसची शेगडी, एक आजोबा फक्त रेडिओ. सेक्रेटरी घसा ताणून ओरडत होते. दुसऱ्या मजल्यावरची एक बाई दारात कमरेवर हात देऊन उभी. "कोणी सांगितलं? ब्लाइंडवालीने? मी भाजी फोडणीला टाकली आहे." ताईने तिच्या घरात जाऊन गॅस बंद केला आणि तिचा हात धरून तिला बाहेर काढलं. तिने शिव्या दिल्या. ताईने ऐकून घेतल्या.

शेवटी राहिल्या मास्तरीणबाई. रुग्णवाहिका बोलावली होती, पण ती रस्त्यात अडकली होती. स्ट्रेचर नव्हता. मी, सेक्रेटरी आणि तळमजल्यावरच्या दुकानाचा तोच मालक, आम्ही तिघांनी त्यांना हात असलेल्या लाकडी खुर्चीत बसवलं. दोन दोऱ्यांनी त्यांची कंबर खुर्चीला बांधली. त्याही ब्लाइंडच्याच दोऱ्या होत्या, फिटरने आदल्या दिवशी तिथे विसरलेल्या. ताई पुढे उलटी उतरत होती, पायऱ्या मोजत, खुर्चीचे पुढचे पाय धरून. "सात. आठ. इथे अर्धी पायरी तुटली आहे. नऊ."

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची अडली. जिना अरुंद. मास्तरीणबाईंचा पाय सरळ ठेवायचा होता, वाकवायचा नव्हता. आम्ही इकडे तिकडे तिरकी करून बघितली. कठडा मध्ये. वरून कुठेतरी काहीतरी तडकल्याचा आवाज आला. दुकानदार रडायला लागला. सोडून पळावं असं माझ्या मनात आलं. हे मी लपवत नाही.

"थांबा," ताई म्हणाली. तिने टेप काढला. त्या जिन्यात, त्या वेळी. कठड्यापासून भिंतीपर्यंत मोजलं, मग खुर्ची आणि पाय. "सरळ नाही जाणार. पाय कठड्यावरून बाहेर काढा, खुर्ची हातभर वर उचला. वर मोकळं आहे. साडेतीन इंच उरतात."

मास्तरीणबाईंचे डोळे मिटलेले होते. "उचला," त्या म्हणाल्या. "पण या बाईचं माप चुकलं तर मी भूत होऊन येईन."

उचललं. पाय कठड्यावरून पलीकडे फिरला, कुठेही न लागता. पुढच्या पायऱ्या कशा संपल्या ते आठवत नाही. रस्त्यावर ऊन होतं, आणि मास्तर फुटपाथवर बायकोच्या चपला छातीशी धरून उभे होते.

संध्याकाळपर्यंत टेकू आले. जाड लाकडी ओंडके, लोखंडी जॅक. रस्ता बंद झाला. सगळे समोरच्या फुटपाथवर मान वर करून उभे. इमारत पडेल म्हणून सगळे वाट बघत होते.

ती पडली नाही.

त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. टेकूंवर उभी राहिली. मग खाली नवीन भिंत आणि नवीन तुळई घालायला पाच महिने लागले. तोवर वीस घरं नातेवाइकांकडे, भाड्याच्या खोल्यांत पांगली. आणि पडली नाही म्हणूनच ताईच्या नशिबी बोल आले. इमारत पडली असती तर ताई देवमाणूस ठरली असती. आता काही जण म्हणू लागले, नुसते टेकू लावले असते तरी भागलं असतं, एवढा गाजावाजा कशाला. भाजी फोडणीला टाकलेली बाई भर बाजारात तिला म्हणाली, "तुमच्या टेपामुळे माझ्या पोराचं परीक्षेचं वर्ष भावाच्या ओसरीत गेलं."

त्या बुधवारनंतर ताईला दोन दिवस ताप होता. मी भेटायला गेलो तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. सासरे उशाशी बसले होते.

"भाऊ," ती म्हणाली, "तुम्हाला एक सांगू? त्या फुटपाथवर उभी असताना मला वाटत होतं, नाही पडली तर मी खोटी पडणार. आणि पडावी असं तर मनात आणताच येत नव्हतं. असं कुणाला सांगायचं?"

सासरे म्हणाले, "मला सांगितलंस ना. झालं."

आठवड्याने इंजिनिअर बाई कारखान्यात आल्या. अहवालाला वहीची पानं हवी होती. ताईने वही दिली नाही, त्यांच्यासमोर बसून पानं हाताने उतरवून दिली. कोणीतरी विचारलं, किती दिवस उभी राहिली असती? बाई म्हणाल्या, "ते मी सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकणार नाही. एक पाइप मात्र आम्ही नुसत्या हाताने हलवला, तो हलला."

त्यानंतर आमच्या मालकांचा सूर बदलला. दंतवैद्य मागे पडला. एके सकाळी ते बोर्ड रंगवणाऱ्याला घेऊन आले. दारावर लिहायचं होतं, 'आमचं माप घर वाचवतं'. अक्षरं लाल की निळी यावर दोघांची चर्चा चालली होती.

ताई आपल्या टेबलावरून म्हणाली, "बोर्ड लावा, पण मग माप घ्यायला दुसरी बाई बघा."

"अगं, जाहिरात आहे. चांगलंच म्हणतोय तुला."

"उद्या कुणाचं घर पडलं तर ते पहिले आपल्या दारात येतील, दादा. मी खिडक्या मोजते. घरं मोजायला ती इंजिनिअर बाई आहे."

मालकांनी रंगाऱ्याला डबा बंद करायला सांगितला. मग त्याला चहाचे पैसे देऊन परत पाठवलं. जाताना तो मला विचारत होता, बाई कोण आहेत या. मी सांगितलं, माप घेतात.

तिने टेप पिशवीत टाकला. एका बालवाडीत आठ खिडक्या मोजायच्या होत्या, मुलं झोपायच्या आत.